तोच पूल

पुण्यांत मुठा नदीवर एक पूल आहे, त्यास लकडी पूल म्हणतात. त्यांत लांकडाची एक फळी नाहीं. त्याच नदीवर थोडें खालीं, शनिवारवाड्याच्या अंगास, दुसरा एक पूल आहे, त्यास नवा पूल म्हणतात. तो १९२३ सालीं रहदारीस खुला झाला, म्हणजे त्याच्या नवेपणास शंभर वर्षें उलटून गेलीं. दप्तरीं पहिल्याचें नांव संभाजी पूल व दुसऱ्याचें शिवाजी पूल असें आहे. हीं नांवें मराठी माणसास किती प्रिय आहेत हें सांगावयास नको. तरी रिक्षांत बसतांना पुणेकराच्या तोंडून जें नांव निघतें तें बहुधा जुनेंच. पुणेकरांच्या हट्टी स्वभावाचा हा एक मासला म्हणून त्याकडे हंसून पाहण्याची चाल आहे, आणि आम्हीहि पुष्कळदां हंसलों आहों. परंतु ह्या हंसण्याच्या मागें एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ शब्दांचा खेळ नाहीं. ज्या पुलाचें लांकूड गेलें, ज्याच्या जागीं दगड आला, दगडावर पुढें डांबर आलें आणि अखेर ज्याचें नांवहि बदललें, तो पूल तोच आहे काय? आणि तो तोच असेल, तर त्याच्यावरून पहिल्यानें गेलेल्या माणसास जो भरंवसा देण्यांत आला, तो आज कोणावर बंधनकारक आहे?

आम्ही शिरूर-दौंडकडील माणसें. लकडी पुलाशीं आमचें नातें पाहुण्याचें. पण तें पाण्याचेंहि आहे. लकडी पुलाखालून गेलेलें मुठेचें पाणी संगमावर मुळेस मिळतें आणि पुढें रांजणगांव सांडसापाशीं भीमेंत उतरतें. कुकडीस पोटांत घेऊन शिरूरवरून आलेली घोडनदीहि त्याच भीमेस मिळते. आणि तें सारें पाणी दौंडाच्या रेल्वेपुलाखालून उजनीकडे जातें. पावसाळ्यांत सोलापूरकडील शेतकरी वर्तमानपत्र उघडून दौंडापाशीं किती पाणी वाहतें आहे हें आधीं पाहतो, तें ह्यामुळेंच. तेव्हां पुण्याच्या पुलाविषयीं भीमाकांठच्या माणसांनीं दोन शब्द लिहिले, तर तो अगदींच परक्याचा चोंबडेपणा ठरूं नये.

लकडी पुलाचा जन्म १७६१ सालचा सांगतात. त्या वर्षाच्या जानेवारींत पानिपत झालें, आणि जून महिन्यांत नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. त्यांच्याच आज्ञेनें हा लांकडी पूल झाला अशी परंपरा आहे. त्याबद्दलची आख्यायिका पुण्यांत घरोघर निरनिराळ्या अंगानें ऐकूं येते, पण गाभा बहुधा एकच असतो. पानिपताहून जे जीव वांचवून परतले, त्यांना शहरांत तोंड दाखविण्याची लाज वाटत होती, किंवा शहरालाच त्यांचें तोंड पाहण्याची इच्छा नव्हती. आणि अशा लोकांसाठीं घाईघाईनें, म्हणून लांकडाचा, हा पूल घालण्यांत आला. आख्यायिका ती आख्यायिका. तिच्यावर इतिहासाची इमारत उभारूं नये. मात्र एखादें शहर आपल्या पुलाविषयीं कोणती गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगत राहतें, ह्यास महत्त्व आहे. पुलाशीं विजयाची, राजाची किंवा निदान एखाद्या गव्हर्नराची आठवण जोडण्याची रीत सर्वत्र आहे. आमचा नवा पूलहि बांधला गेला तेव्हां गव्हर्नर लॉइड ह्यांच्या नांवाचा होता. लकडी पुलाशीं मात्र पुण्यानें हरून आलेल्यांची आठवण बांधून ठेवली. ज्याचा भाऊ पडला, ज्याचा सरदार पडला, ज्याच्या हातीं दाखविण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, त्यालाहि घरीं यावयास वाट पाहिजे, हें त्या गोष्टींत आहे. ती खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांच्या मनाची साक्ष तिच्यांत आहे, आणि आम्हांला ती लाख मोलाची वाटते.

पुढें १८४० च्या सुमारास तो लांकडी पूल पाण्यानें निकामी झाला, आणि त्याच दशकांत इंग्रजी अंमलाखालीं त्याच जागीं दगडी पूल उभा राहिला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या दिवशीं लोंढा ह्या पुलावरून वाहिला. पाणी ओसरल्यावर डागडुजी होऊन पूल पुन्हां चालता झाला. आज त्याच्या डोक्यावरून मेट्रो जाते. लक्ष्मी रस्त्यानें येणारी विसर्जनाची मिरवणूक ह्याच पुलाजवळच्या टिळक चौकांत येते, आणि मेट्रोचा मार्ग इतका खालून गेला तर गणपतीचे उंच रथ पुलावरून जाणार कसे, असा २०२१ सालीं मोठा वाद झाला. वाद घालणारांनीं पूल कोणत्या सालचा, दगड कोणत्या खाणींतला हें विचारलें नाहीं. पूल आपला आहे आणि त्याच्यावरून आपण जात आलों आहों, एवढें त्यांना पुरें होतें.

वस्तूचे अवयव बदलले तर ती वस्तु तीच राहते काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या शाळेंत फार जुना आहे. पाली भाषेंतील मिलिंदप्रश्न ह्या ग्रंथांत भिक्षु नागसेन यवन राजा मिलिंद ह्यास विचारतो कीं, महाराज, आपण रथांतून आलांत, तर चाकें म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? जूं म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकास नाहीं म्हणतो, आणि शेवटीं दोघांचें मत असें पडतें कीं, रथ हें अवयवांच्या जुळणीवर व्यवहारानें ठेवलेलें एक नांव आहे. ग्रीकांकडे प्लुटार्कनें थीसियस ह्या वीराच्या जहाजाची गोष्ट नोंदली आहे. अथेन्सच्या लोकांनीं तें जहाज जपून ठेवलें, कुजलेली फळी काढून नवी बसवीत गेले, आणि तत्त्वज्ञ मंडळी वाद घालीत राहिली कीं, हें तेंच जहाज कीं निराळें. दोन्ही दृष्टान्त सुंदर आहेत. पण ते पुलास नीट लागू पडत नाहींत असें आम्हांस वाटतें. रथ आणि जहाज हीं धन्याबरोबर फिरणारीं. त्यांचें तेपण ठरवावयाचें तर त्यांच्या अंगाकडेच पाहावें लागतें. पूल कोठें जात नाहीं. तो एका जागीं राहतो आणि जग त्याच्यावरून जातें.

ह्याची परीक्षा मुद्दाम घ्यावी तशी एक गोष्ट गेल्या शतकांत घडली. लंडन शहरांत टेम्स नदीवर १८३१ सालीं उघडलेला दगडी पूल हळूहळू खचूं लागला, तेव्हां १९६८ सालीं तो चक्क विकण्यांत आला. घेणारा अमेरिकन होता. त्यानें पुलाच्या दर्शनी भागाचे दगड क्रमांक घालून ॲरिझोनाच्या वाळवंटांत नेले, तेथें सिमेंटच्या सांगाड्यावर ते बसविले, आणि १९७१ सालीं लेक हवासू ह्या गांवीं पूल उघडला. इकडे टेम्सवर त्याच ठिकाणीं दुसरा पूल झाला. आतां लंडनचा पूल कोणता म्हणावयाचा? दगड अमेरिकेंत आहेत; पण लंडनचा कारकून सकाळीं ज्याच्यावरून कामावर जातो तो टेम्सवरचा, आणि त्यालाच तो लंडन ब्रिज म्हणतो. ह्याच्या उलट, बोस्नियांतील मोस्तार येथील तुर्की अमदानीचा कमानदार पूल १५६६ मधला. १९९३ च्या नोव्हेंबरांत तोफांच्या माऱ्यानें तो नदींत कोसळला, आणि २००४ सालीं जुन्याच घाटानें पुन्हां बांधून झाला. जपानांत इवाकुनी येथें किंताई नांवाचा पांच कमानींचा लांकडी पूल आहे. तो १६७३ सालचा, १९५० च्या पुरांत वाहून गेला आणि १९५३ सालीं पुन्हां उभा राहिला. मोस्तारांत काय आणि इवाकुनींत काय, हा जुना पूल नव्हे असें म्हणणारा माणूस भेटला तर तेथील लोक त्याच्याकडे कींव येऊन पाहतील.

आमच्या मतें ह्या साऱ्यांतून निघतें तें असें. पूल ही वस्तु खरी. पण वस्तु होण्याआधीं तो एक दिलेला शब्द आहे. नदीच्या कांठीं उभ्या असलेल्या माणसास कोणीतरी सांगितलेलें असतें कीं, तूं पाऊल टाक, तें पाण्यांत पडणार नाहीं. हा शब्द लांकडानें पाळला काय किंवा दगडानें पाळला काय, चालणारास त्याचें कांहीं नाहीं. मुठेच्या त्या जागीं हा शब्द, मधले कांहीं खंड सोडले तर, आज अडीचशेंहून अधिक वर्षें पाळला जात आहे, म्हणून तो पूल तोच. संस्कृत भाषेनें हें फार पूर्वींच ओळखलें असावें. सेतु हा शब्द बांधणें ह्या अर्थाच्या धातूपासून आला असून त्याचा अर्थ पूल असाहि होतो आणि पाणी अडविणारा बांध असाहि होतो. छांदोग्य उपनिषदांत तर आत्म्यालाच लोकांना सांवरून धरणारा सेतु म्हटलें आहे. जोडणारा आणि आवरून धरणारा हे दोघे एकाच शब्दांत राहतात. जो बांधतो तो स्वतःहि बांधला जातो, असा आणखी एक अर्थ आम्ही त्यांत वाचतों. व्याकरणकार आम्हांस क्षमा करोत.

येथवर विचार गोड आहे. परंतु हें जर खरें, तर त्यांतूनच एक भयंकर गोष्ट निघते. शब्दाची पत वारशानें पुढें जाते. दगडाची ताकद तशी जात नाहीं. आजोबांच्या नांवावर नातवास उधार मिळावें आणि नातवाच्या तिजोरींत कांहींच नसावें, तसा प्रकार पुलांच्या बाबतींत घडूं शकतो, आणि घडला आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील मुंबई-गोवा रस्त्याचा जुना पूल पुरांत कोसळला. तो १९२८ सालचा, दगडी कमानींचा. त्याच्या शेजारीं नवा पूल होता. तरीहि एका दिशेची वाहतूक जुन्यावरून चालूच होती. दोन एस्. टी. गाड्या आणि इतर वाहनें मुसळधार पावसांत, काळोखांत, पुलावर आलीं, म्हणजे जेथें पूल आहे अशी त्यांची समजूत होती तेथें आलीं, आणि नदींत गेलीं. त्या चालकांनीं काय चुकीचें केलें? त्यांनीं विश्वास टाकला. अठ्ठ्याऐंशी वर्षें जो विश्वास रोज खरा ठरला होता, तोच. त्या रात्रीं पुलाजवळ राहणाऱ्या एका साध्या माणसानें पूल नाहींसा झालेला पाहिला आणि रस्त्यावर येऊन मागून येणाऱ्या गाड्या अडविल्या, म्हणून आणखी बळी टळले. ह्या माणसाकडे आम्हांस पुढें पुन्हां यावें लागेल.

अशा अपघातानंतर आपल्याकडे एक कथा हटकून निघते. अमुक पुलाची मुदत संपली असें विलायतेंतील बांधणाऱ्या कंपनीचें पत्र आलें होतें, आणि आपल्या लोकांनीं तें बासनांत बांधून ठेवलें. ज्या जिल्ह्यांत जावें तेथील जुन्या पुलाविषयीं ही कथा ऐकावयास मिळते. तिची सत्यता हा आमचा विषय नव्हे. तिच्यांतील आशा मात्र पाहण्यासारखी आहे. बांधणाऱ्यानें शंभर वर्षांनींहि आठवण ठेवावी, समुद्रापलीकडून हांक मारून सांगावें कीं, बाबांनो, आतां त्यावरून जाऊं नका, असें लोकांना मनांतून वाटतें. आपल्यांतल्या कोणी तसें सांगावें अशी अपेक्षा ते करीत नाहींत, ही त्या कथेंतील खरी दुःखाची गोष्ट. आणि इंग्रजांचें काम पक्कें होतें म्हणून हळहळणाऱ्यांनीं हेंहि लक्षांत घ्यावें कीं, सावित्रीवरचा पूल इंग्रजी अमदानींतलाच होता. पक्केपणा हा कामाचा गुण आहे खरा, पण तो जन्मभर पुरत नाहीं.

मग जुने पूल सारे पाडावे काय? कांहीं लोक असेंच म्हणतात, आणि कांहीं रसिक ह्याच्या उलट एक चिरा हलविला तरी हाय खातात. दोघांचेंहि लक्ष दगडांवर आहे. आम्हांला वाटतें, प्रश्नाची गांठ दुसरीकडे आहे, आणि ती सोडवावयास पुण्यापेक्षां आमचा भीमाकांठच अधिक उपयोगी पडेल.

दौंडहून सिद्धटेकास जाणारा भाविक पूर्वीं शिरापुरास उतरे आणि तेथून नावेनें भीमा ओलांडून सिद्धिविनायकाच्या दर्शनास जाई. अहिल्याबाईंनीं बांधलेलें देऊळ पलीकडच्या कांठीं, नगर जिल्ह्याच्या हद्दींत, मध्यें नदी. आतां तेथें पूल आहे, मोटार देवळाजवळ जाते, आणि म्हातारीं माणसेंहि सुखानें दर्शन घेऊन येतात. नाव गेली ह्याचें रडगाणें आम्हांस गावयाचें नाहीं. नावेंत लोक बुडतात. ह्याच भीमेवर, खालीं उजनीच्या जलाशयांत, कळाशी आणि कुगांव ह्यांच्यामध्यें २१ मे २०२४ रोजीं वादळांत नाव उलटून सहा माणसें मेलीं. तेव्हां नावेच्या काव्यांत न शिरतां आम्ही फक्त एका गोष्टीकडे बोट दाखवितों. नावेस नावाडी असतो. त्यास डोळे असतात. तो पाण्याचा रंग पाहतो, वरच्या अंगास पाऊस झाला कीं काय तें ओळखतो, नावेंत किती माणसें चढलीं तें मोजतो, आणि वेळ पडल्यास म्हणतो, आज नाव लागणार नाहीं. लोक चिडतात. कोणाचें लग्न असतें, कोणाचा नवस असतो, कोणी दुप्पट पैसे देऊं करतो. चांगला नावाडी ऐकत नाहीं. वाईट नावाडी ऐकतो आणि बुडतो, पण बहुधा स्वतःहि त्यांच्याबरोबरच बुडतो. त्याच्या नकाराला किंवा होकाराला एक चेहरा असतो, आणि तो चेहरा गांवाच्या ओळखीचा असतो.

पुलास नाहीं म्हणतां येत नाहीं. हा त्याचा मोठेपणा. रात्रीं-अपरात्रीं, जात न विचारतां, मोल न घेतां तो सर्वांस पार करतो. आमच्या संतांच्या वाणींत पैलतीर आहे, नाव आहे, पार नेणारा आहे. पूल त्या मानानें क्वचितच दिसतो. त्याचें कारण तेव्हां पूल थोडे होते हें असेलच. पण पार नेणाऱ्याशीं बोलतां येतें, त्याला आळवितां येतें, पुलाशीं बोलावयाचें काय, हेंहि असावें. पूल बांधला म्हणजे आपण नदीवरून एक माणूस काढून घेतों आणि त्याच्या जागीं एक वस्तु ठेवतों. त्या माणसाचें एक काम, वाहून नेण्याचें, वस्तु त्याच्यापेक्षां शतपट चांगलें करते. त्याचें दुसरें काम, नाहीं म्हणण्याचें, वस्तु करीतच नाहीं; आणि तें काम कोणाकडे गेलें हें विचारावयास आपण विसरून जातों. सावित्रीच्या कांठीं त्या रात्रीं तें काम, कोणी न नेमतां, एका रस्त्याकडेच्या माणसानें केलें. तो ऐन वेळीं झालेला नावाडी होता. परंतु नावाडी असा योगायोगानें मिळावा, ही व्यवस्था म्हणतां येत नाहीं.

ह्यावर उत्तर मिळतें कीं, धोक्याचा फलक लावतात ना! १५ जून २०२५ रोजीं, रविवारीं, मावळांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल, नदीचें पाणी पाहावयास आलेल्या लोकांची त्यावर गर्दी असतां, कोसळला. चार जण मेले. तो पूल धोक्याचा म्हणून आधींच जाहीर झालेला होता. लोकांनीं ऐकलें नाहीं, हें खरेंच. आणि ज्यांनीं फलक पाहून वर पाय ठेवला त्यांचा दोष आम्ही झांकूं इच्छित नाहीं. पूल ओलांडण्यासाठीं असतो, त्यावर ठाण मांडून जलशोभा पाहण्यासाठीं नसतो, हें आमच्या शिरूर तालुक्यांतहि सांगावें लागेल. टाकळी हाजी आणि निघोज ह्यांच्यामध्यें कुकडीच्या पात्रांतले रांजणखळगे पाहावयास येणारे झुलत्या पुलाच्या मधोमध उभे राहूनच ते पाहतात. पण फलकास डोळे नाहींत. आपल्या समोर दहा माणसें आहेत कीं शंभर, हें त्याला कळत नाहीं. एकदां लिहिल्यावर तो ऊन असतां आणि पूर असतां तेंच ओरडतो, म्हणून त्याचें ओरडणें कोणास ऐकूं येत नाहीं. गुजरातेंत मोरबी येथील झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजीं तुटून शंभराहून अधिक माणसें मेलीं. तो तर दुरुस्त होऊन चारच दिवसांपूर्वीं उघडला होता, आणि तेथें आंत सोडणारीं माणसें तिकिटें देत होतीं. म्हणजे माणूस होता. पण त्याचें काम हो म्हणण्याचें होतें.

माणूस आणि वस्तु ह्यांची सांगड घालणें अशक्य आहे असें मात्र नाहीं, आणि त्याचें उदाहरण दौंडाच्या वेशींतच उभें आहे. पुण्याकडून आलेली आगगाडी १८५८ सालीं दौंडास पोंचली, आणि दौंडहून मनमाडास जाणारा फांटा १८७८ सालीं सुरू झाला. हा फांटा दौंडहून निघतो तोच भीमा ओलांडून. तो बांधला गेला तो काळ १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाचा. ह्या मार्गाच्या कामावर अन्नास महाग झालेले लोक खपले. त्या दुष्काळांत सरकारी कामावरील मोठ्या माणसास दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणण्यांत आलें होतें, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध आवाज उठविला होता. नगरच्या गाडीनें भीमा ओलांडतांना खिडकींतून दिसणारें पात्र मनोहर असतें. त्या मार्गाच्या भरावांत कोणाचें पोट खपाटीस गेलें होतें, हेंहि कधीं आठवावें. त्यांनीं दिलेला शब्द त्यांच्या इच्छेनें दिलेला नव्हता. पण आज आपण तो वापरतों, आणि त्यामुळें आपल्यावरचें ऋण वाढतेंच, कमी होत नाहीं.

हें विषयांतर सोडून मूळ मुद्द्याकडे येऊं. रेल्वेच्या पुलास क्रमांक असतो. त्याच्या खांबावर पाण्याची धोक्याची पातळी रंगानें आंखलेली असते, आजवरच्या मोठ्यांत मोठ्या पुराची खूणहि असते. पावसाळ्यापूर्वीं त्याची तपासणी होते, आणि जे पूल भिण्यासारखे त्यांवर पावसाळ्यांत पहारेकरी ठेवतात. पाणी खुणेवर चढलें कीं गाडी थांबते, किंवा गोगलगाईच्या चालीनें काढतात. डब्यांतले प्रवासी घड्याळ पाहून चरफडतात. पण तो चरफडाट पहारेकऱ्यापर्यंत पोंचत नाहीं, आणि त्याच्या हातीं असलेल्या बावट्यापुढें मेलगाडीहि उभी राहते. नावाड्याचें नाहीं म्हणणें रेल्वेनें नियमांत बांधून जपून ठेवलें आहे. रेल्वेचे अपघात होत नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. पण अमुक पुलावर आज गाडी जावी कीं नाहीं हें ठरविणारा मनुष्य कोण, ह्या प्रश्नास तेथें उत्तर आहे. गांवच्या ओढ्यावरच्या पुलाविषयीं हाच प्रश्न ग्रामपंचायतीपासून वर विचारीत गेलें, तर उत्तर प्रत्येक पायरीस एक पायरी वर सरकतें.

सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्यें खुला करण्यांत आला. इतकें काम आपल्याला इतक्या झपाट्यानें करतां येतें, ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि तितकीच अस्वस्थ करणारी. बांधण्यास आपल्याजवळ उत्साह आहे, पैसा आहे, फीत कापावयास माणसें आहेत. पुलाच्या तोंडाशीं संगमरवरी पाटी असते, तीवर उद्घाटन करणाराचें नांव, अध्यक्षांचें नांव, तारीख, सारें असतें. पूल शेवटचा कोणी तपासला, केव्हां तपासला, त्यावरून किती भार जाऊं देण्याचें त्यानें ठरविलें, हें त्याच पाटीखालीं दरवर्षीं साध्या रंगानें लिहावयास कितीसा खर्च येईल? आमची ही सूचना कोणास पोरकट वाटेल. पण नांव लिहिलें म्हणजे चेहरा येतो, आणि चेहरा आला म्हणजे नाहीं म्हणण्यास निदान जागा होते.

अडचण सरकारी बाजूची तेवढीच नाहीं, हेंहि कबूल केलें पाहिजे. आमच्या तालुक्यांत हंगाम सुरू झाला कीं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ऊंसाचे ट्रॅक्टर रात्रभर पुलांवरून जातात, आणि त्यांतले कित्येक पूल हलक्या गाड्यांच्या काळांत बांधलेले. अशा पुलाच्या तोंडाशीं एखाद्या अभियंत्यानें उद्यां आडवा बांबू लावला, आणि दहा कोसांचा वळसा घ्या म्हणून सांगितलें, तर त्याच्या कचेरीवर मोर्चा नेणारांत आमच्याच घरचीं माणसें असतील. आणि वळशामुळें मुलाची शाळा बुडाली, दवाखान्याला उशीर झाला, म्हणून वर्तमानपत्रास पत्र लिहिणारे आम्ही शिकलेले लोकच असूं. तोडलेला ऊंस उन्हांत वाळतो आहे, कारखान्याची पाळी निघून जाते आहे, आणि पूल तर समोर धड दिसतो आहे. अशा वेळीं त्या बांबूपाशीं कंदील घेऊन बसलेल्या पहारेकऱ्याशीं आपण कसें बोलतों, तें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.